जुन्या रेकॉर्ड प्लेअरचं काय करायचं?



घरातला जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, या विषयावर मी आज तुमच्याशी बोलणार आहे. काहींना वाटेल, कवी माणसाला आकाशवाणीनं बोलावलं आणि हा मिस्त्रीचं काम सांगत बसला! पण हा प्रश्न फक्त रेकॉर्ड प्लेअरपुरता नाही. शिलाई मशीन, भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ, टेबलफॅन, सायकल, मिक्सर. प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा एखादी वस्तू अशी अडून बसते आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘वडिलांची आठवण आहे, टाकायची नाही.’ दुसरा म्हणतो, ‘दुरुस्तीच्या पैशात थोडी भर घातली तर नवीन येईल.’ पहिला दुसऱ्याला कोरडा म्हणतो, दुसरा पहिल्याला भाबडा म्हणतो. आणि वस्तू माळ्यावर जाते. खरं सांगायचं तर बहुतेक घरांत निर्णय होतच नाही, माळा होतो.

आमच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर गेला नाही, याचं कारण माझी आई. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. गेल्या पावसाळ्यात प्लेअरमधून गाण्याबरोबर ‘धप्‌ धप्‌’ असा आवाज यायला लागला आणि गाणारा माणूस दमल्यासारखा वाटायला लागला, तेव्हा तिनं सांगितलं, ‘इसका कुछ करो.’ दुरुस्त करायचं की नवीन आणायचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘मशीन का क्या करूँ मैं? गाना लगा.’ आमच्या घरात दख्खनी बोलतात. पुढं सहा महिने आम्ही जी चर्चा केली, तिचा निकाल आईनं त्याच दिवशी एका वाक्यात देऊन टाकला होता, हे मला नंतर कळलं.

आधी या यंत्राची ओळख करून देतो. माझे वडील मिरजेला रेल्वेत फिटर होते, डबे आणि वाघिणींच्या दुरुस्ती विभागात. मिरज जंक्शनात एकेकाळी नॅरोगेज, मीटरगेज आणि ब्रॉडगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते, हे जुन्या लोकांना आठवत असेल. वडिलांनी १९७६ साली बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांकडून हा प्लेअर विकत घेतला. लाकडी पेटी, आतच छोटा अॅम्प्लिफायर, झाकणाजवळ स्पीकर आणि गतीचे चार आकडे: १६, ३३, ४५ आणि ७८. वडील गमतीनं म्हणायचे, ‘स्टेशनात तीन गेज, घरात चार.’

ही चार गतींची भानगड तरुण श्रोत्यांसाठी थोडी सांगायला हवी. एमिल बर्लिनरनं १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, ते अशाच तबकड्यांवर. पुढं या तबकड्यांची गती मिनिटाला ७८ फेरे अशी ठरून गेली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावायचं. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे ३३ पूर्णांक १/३ फेरे फिरणारी लाँग प्ले तबकडी आणली. तिच्यावर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. परदेशात ७८च्या तबकड्या पन्नाशीच्या दशकाअखेर मागं पडल्या. आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन गावोगाव असल्यामुळे त्या साठच्या दशकातही निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८च्या तबकडीवर निघाली होती!

म्हणजे जुना प्लेअर ठेवायचा की काढायचा, याचा पहिला प्रश्न प्लेअरला विचारायचाच नसतो. तो कपाटातल्या रेकॉर्डना विचारायचा असतो: तुम्ही कोणत्या गतीच्या?

आमच्या कपाटात दोन्ही जाती आहेत. साठेक लाँग प्ले आहेत आणि ऐंशीच्या आसपास ७८च्या. त्या ७८च्यांत खांसाहेब अब्दुल करीम खाँ आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत, मास्टर दीनानाथ आहेत, ज्योत्स्ना भोळे आहेत, काही कव्वाल्या आहेत, दोन नात आहेत. मिरजेच्या माणसाला खांसाहेबांविषयी सांगायला नको. त्यांची कबर आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं गाणं होतं. १९३७ साली पाँडिचेरीच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर त्यांचं निधन झालं. माझे वडील रेल्वेचे, त्यामुळे ते हे नेहमी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘स्टेशनवर गेला, म्हणजे आमच्याच अंगणात गेला.’

या रेकॉर्डचं माझ्यावर आणखी एक ऋण आहे. आमच्या दख्खनीत ‘ळ’ नाही. लहानपणी मी ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायचो आणि वर्गात पोरं हसायची. वडिलांना मराठी लिहिता-वाचता यायचं, पण त्यांचाही ‘ळ’ डळमळीतच होता. त्यांनी मला प्लेअरसमोर बसवलं आणि सांगितलं, ‘ये औरत कैसा बोलती, सुन.’ ज्योत्स्नाबाईंचा आणि हिराबाईंचा ‘ळ’ ऐकत ऐकत माझी जीभ टाळूला लागायला शिकली. पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो, मराठीत कविता लिहिल्या, पण वृत्ताचा पहिला धडा मला या पेटीनं दिला. तेव्हा ही पेटी मोडीत घालायची म्हटल्यावर पोटात कालवाकालव होणारच. पण या कालवाकालवीवर निर्णय सोपवायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

याला कारण होती माझी मुलगी. ती पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, ‘अब्बा, तुम्हाला पेटी जपायचीय की रेकॉर्ड? जुनी सुई रेकॉर्ड खाते. दादाजींच्या आठवणीसाठी दादाजींचेच रेकॉर्ड खराब करणार का?’ आता यावर काय बोलणार! मुलीचं म्हणणं भावनेच्या विरुद्ध नव्हतं, भावनेला योग्य जागी बसवणारं होतं.

सुई रेकॉर्ड खाते म्हणजे काय होतं? तबकडीच्या खोबणीच्या दोन्ही भिंतींवर गाणं कोरलेलं असतं. सुईचं टोक त्या भिंतींना टेकून चालतं. सुईवरचा भार काही ग्रॅमच असतो, पण तो इतक्या सूक्ष्म टोकावर पडतो की भिंतीवर प्रचंड दाब येतो. टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर भिंत तो सोसते. टोक घासून चपटं झालं, त्याला कडा आली की तीच सुई पटाशीसारखी चालते. एकदा खरवडलेला आवाज परत भरून येत नाही. त्यातही नीलमणी, म्हणजे सफायरची सुई काही दहा तासांत झिजते. हिऱ्याची पाचशे ते हजार तास टिकते.

वडिलांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची एक वही आहे, रेल्वेच्या जुन्या छापील फॉर्मच्या कोऱ्या बाजूंची शिवलेली. रेकॉर्डची एक बाजू वाजली की वहीत पेन्सिलीची एक रेघ. ७८च्या वीस बाजूंचा एक तास, लाँग प्लेच्या तीन बाजूंचा एक तास. चाळीस तास भरले की सफायरची सुई बदलायची. आवाज चांगला येत असला तरी बदलायची. आई म्हणायची, ‘अभी तो अच्छी बजती!’ त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘डब्याचा ब्रेक-ब्लॉक अपघात झाल्यावर बदलतात का?’ वहीतली शेवटची नोंद १९९८ची आहे. वडील २००१ साली गेले. त्या वहीमुळेच आमच्या रेकॉर्ड आज वाजण्याच्या लायकीच्या आहेत.

आता दुरुस्ती कोण करणार? सांगली-मिरजेत रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती, ती मोबाईलची झाली. शोधता शोधता बाजाराजवळच्या एका बोळात एक वयस्क कारागीर सापडले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. अण्णांनी पेटी उघडली, भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘सर, ह्याच्यावर तुम्ही काय वाजवणार?’ मला वाटलं, ते किंमत काढतायत. पण त्यांचा प्रश्न खरोखरच तेवढाच होता.

मग त्यांनी एक एक भाग काढून मला दाखवला. या प्लेअरमध्ये मोटरच्या दांड्याला पायऱ्या असतात, वरून खाली जाड होत जाणाऱ्या. मोटर आणि तबकडीचं ताट यांच्या मध्ये एक रबरी चाक असतं. गतीचं बटण फिरवलं की ते चाक जाड किंवा बारीक पायरीला टेकतं आणि ताटाची आतली कड घासत ते फिरवतं. जाड पायरी म्हणजे जास्त गती. प्लेअर महिनोन्‌ महिने एकाच जागी उभा राहिला की चाकाला दांड्याचा दाब लागून खळगा पडतो. ‘धप्‌ धप्‌’ होत होतं ते या खळग्यामुळे. मोटरमधलं ग्रीस सुकून चिकट झालं होतं, म्हणून गती मंद झाली होती. अॅम्प्लिफायरमधले दोन कंडेन्सर गेले होते, म्हणून घरघर होती. आणि सुई झिजली होती.

‘आणि चांगलं काय आहे?’ मी विचारलं.

‘ताट चांगलं, मधला खिळा चांगला, मोटर चांगली, आर्म सरळ. म्हणजे जे मिळत नाही ते सगळं चांगलं आहे. जे गेलंय ते जाण्यासाठीच केलेलं असतं.’

श्रोतेहो, या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो. आपण ‘दुरुस्ती की बदली’ असा प्रश्न विचारतो, तेव्हा वस्तू एकच अखंड आहे असं धरून चालतो. तशी ती नसते. प्रत्येक यंत्रात काही भाग झिजण्यासाठी असतात आणि काही टिकण्यासाठी. रबर, सुई, ग्रीस, पट्टा, कंडेन्सर हे झिजणारे. ते वेळेवर बदलले तर टिकणारे टिकतात. न बदलता ‘जपून’ ठेवले तर टिकणाऱ्यांनाही घेऊन जातात. वडिलांच्या वहीत हेच होतं. त्यांनी हा प्लेअर बावीस वर्षं राखला, कारण ते त्यातलं काहीतरी सतत बदलत होते.

आमच्या मिरजेला ही गोष्ट नवी नाही. इथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. हा धंदा सुरू कसा झाला, तर पूर्वी हत्यारांना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे शिकलगार कारागीर काळ बदलल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडवू लागले, असं सांगतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा घासून घासून चर पडतात आणि आवाज बोथट होतो. मग कारागीर घोडी पुन्हा घासून जवारी काढतो. तारा बदलतात, जवारी निघते, पण भोपळा आणि दांडी तीच राहते. ‘हा तंबोरा आता जुना राहिला नाही’ असं कोणी म्हणत नाही.

पण अण्णांनी मला सगळंच गोड सांगितलं नाही. त्यांनी सोन्या-चांदीच्या दुकानात असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढला आणि सुईचा भार मोजला. काट्यानं सहा ग्रॅम दाखवले. ‘७८ला हे चालतंय,’ ते म्हणाले. ‘लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी असते, ती कडक. पण तुमच्या लाँग प्ले प्लास्टिकच्या, मऊ. त्यांना एवढं वजन नको.’ आजकालच्या चांगल्या टर्नटेबलवर हा भार दीड-दोन ग्रॅम असतो. ‘मग आर्म हलका करता येईल का?’ असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘ह्या कार्ट्रिजला हलका केला तर सुई उड्या मारेल आणि उडी मारणारी सुई जास्त वाईट. खोटं सांगून पैसे घेता येतील सर, पण नको.’

इथं मुलीचा पक्ष बळकट झाला. मग आम्ही नव्या टर्नटेबलची चौकशी सुरू केली. नव्याला आज तोटा नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच तबकडीनं सीडीला मागं टाकलं. जपानमधल्या टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ साली आलेलं प्रसिद्ध टर्नटेबल २०१० साली बंद झालं होतं, ते २०१६ साली परत आलं. तोवर जगभरच्या लोकांनी जुनी यंत्रं दुरुस्त करकरून चालती ठेवली होती.

बाजारात साधारण दोन प्रकार दिसले. एक सुटकेससारखा, झाकणाचा, दिसायला फार देखणा आणि स्वस्त. त्याच्यावर ३३, ४५, ७८ अशा तिन्ही गती लिहिलेल्या असतात. पण त्यातल्या बऱ्याच यंत्रांचं कार्ट्रिज आमच्या जुन्यासारखंच जड असतं. म्हणजे नवीन घेऊन दुखणं तेच. दुसरा प्रकार साधा, पट्ट्यावर चालणारा, हलक्या आर्मचा, वीस हजारांच्या आत-बाहेरचा. लाँग प्लेसाठी तो उत्तम. पण यातल्या अनेकांना ७८ची गतीच नसते.

आणि गती असली तरी काम होत नाही. ७८च्या तबकडीची खोबण रुंद असते. तिला लागणारं सुईचं टोक लाँग प्लेच्या टोकापेक्षा साधारण तिप्पट जाड असतं. लाँग प्लेची बारीक सुई ७८च्या खोबणीत घातली तर ती तळाला जाऊन धूळच वाचते. भिंतीवरचं गाणं तिला नीट लागत नाही. उलट ७८ची जाड सुई लाँग प्लेवर ठेवली तर ती तबकडी नासवते. आमच्या जुन्या कार्ट्रिजला दोन सुया आहेत, एक इकडं, एक तिकडं. छोटी कळ फिरवली की पाहिजे ती खाली येते. ही सोय त्या काळी साध्यासाध्या प्लेअरमध्ये असायची. आज नव्या टर्नटेबलवर ७८ वाजवायची तर त्यासाठी सुई वेगळी मागवावी लागते.

एका मित्रानं सल्ला दिला, ‘कशाला एवढा खटाटोप? सगळं इंटरनेटवर आहे.’ बरंच आहे आणि ज्यांनी ते चढवलं त्यांचे उपकारच आहेत. पण मी खांसाहेबांची एकच रेकॉर्ड दोन ठिकाणी ऐकली, तर दोन वेगळे षड्‌ज! कोणी गती वाढवली होती, कोणी कमी केली होती. गती पाच-सहा टक्के चुकली की अख्खा अर्धा स्वर हलतो. ७८च्या ऐवजी ७४ फेरे झाले तरी खांसाहेबांचा तो बारीक, टोकदार आवाज भारदस्त होऊन बसतो. त्यात १९२५च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांची गती नेमकी ७८ असेलच असंही नाही. मग खरा स्वर कोणता, हे ठरवायला मूळ तबकडी आणि बरोबर फिरणारं ताट, दोन्ही लागतात. आणि आमच्याकडच्या दोन नात आणि एक कव्वाली मला इंटरनेटवर कुठंही सापडली नाही.

तेव्हा आम्ही असं ठरवलं. जुना प्लेअर दुरुस्त करायचा, पण त्याच्यावर फक्त ७८च्याच रेकॉर्ड वाजवायच्या. लाँग प्लेसाठी साधं, हलक्या आर्मचं नवं टर्नटेबल घ्यायचं; त्यात निम्मे पैसे मुलीनं घातले. दोन्ही पक्षांना थोडं थोडं देऊन मिटवलेलं हे भांडण नाही. ज्या रेकॉर्डला जे सोसतं, ते तिला दिलं. लाँग प्ले जुन्यावर वाजवणं हा लाँग प्लेवर अन्याय झाला असता आणि जुना प्लेअर काढून टाकणं हा ऐंशी तबकड्या मुक्या करण्याचा प्रकार झाला असता.

खर्चही सांगतो, कारण खर्च न सांगता सल्ला देणं बरं नाही. छापखान्याच्या रोलरला रबर चढवून देणाऱ्या एका कारखान्यात अण्णांनी त्या चाकाला नवीन रबर चढवून घेतलं आणि लेथवर घासून गोल केलं, त्याचे ९०० रुपये. कंडेन्सर आणि डाग देण्याचे ३५०. ७८ची नवी सुई ११००. साफसफाई, ग्रीस, मजुरी १४००. एकूण ३७५० रुपये आणि अण्णांकडे मारलेल्या सात फेऱ्या.

दुरुस्तीनंतर गती तपासायची पद्धत फार सुंदर आहे. वडिलांच्या वहीत एक गोल छापील कागद होता, त्याच्या कडेनं काळ्या रेघा, ७८साठी ७७ रेघा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो. त्या उजेडात फिरत्या कागदाकडे बघितलं आणि गती बरोबर असली की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. गती कमी असेल तर मागं सरकतात, जास्त असेल तर पुढं पळतात. आमच्या घरच्या एलईडी दिव्याखाली काहीच दिसेना. अण्णांनी हसून खिशातला लाइनमनचा टेस्टर काढला. त्याच्या दांड्यातला चिमुकला निऑन दिवा पेटला आणि रेघा थांबल्या. शेजारच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला हे पुरेसं वाटलं नाही. त्यानं तंबोरा लावून खांसाहेबांचा षड्‌ज ताडून बघितला, मगच मान हलवली.

आईला कोणतं यंत्र आहे हे आम्ही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. एक बाजू संपली की ती म्हणते, ‘पलटाव.’

आता तुमच्या घरी असा प्लेअर असेल, तर एका मिस्त्रीच्या मुलानं सांगितलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आवाज येतोय की नाही हे बघण्यासाठी वर्षानुवर्षं बंद असलेल्या प्लेअरवर लगेच आवडती रेकॉर्ड लावू नका. आधी सुई भिंगाखाली कोणाकडून तरी तपासून घ्या आणि शंका असेल तर ती बदलाच. दोन, रेकॉर्ड कोणत्या गतीच्या आहेत ते मोजा. सगळ्या लाँग प्ले असतील आणि यंत्र जड कार्ट्रिजचं असेल तर बिनदिक्कत नवं घ्या, त्यात कोणाचा अपमान नाही. तीन, मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून जुनं घेणार असाल, तर पेटीच्या चकाकीवर जाऊ नका. ताट हातानं फिरवून बघा, ते आवाज न करता बराच वेळ फिरलं पाहिजे. आर्म बोटानं हलकेच हलवून बघा, सांध्यात खुळखुळाट नको. चार, नवं घेताना त्यात फोनो प्री-अॅम्प्लिफायर आहे का ते विचारा. लाँग प्ले कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं, त्याचं प्रमाण १९५४ साली ठरलेलं आहे. ती सोय नसेल तर आवाज किरटा येतो आणि लोक विनाकारण रेकॉर्डला दोष देतात.

शेवटची गोष्ट जरा काळजीची आहे. अण्णांचं वय आता पंच्याहत्तरच्या पुढं आहे. हाताखाली कोणी नाही. त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे आणि त्याला नाव ठेवायचं कारण नाही, या कामावर घर चालत नाही. यंत्राचे टिकणारे भाग अजून वीस-पंचवीस वर्षं टिकतील, झिजणारे भाग बदलता येतील. पण बदलणारा हात कुठून आणायचा? दुरुस्ती की बदली हा प्रश्न आपण घरात बसून विचारतो, पण गावात दुरुस्त करणारा उरला नाही की तो प्रश्न आपल्या हातात राहत नाही. प्रत्येक वेळी नवंच घेणं भाग पडतं. म्हणून दुरुस्ती करून घेणं ही त्या माणसाला धंद्यात ठेवण्याचीही एक रीत आहे, असं मला वाटायला लागलंय.

मुलगी दिवाळीत आली तेव्हा तीन दिवस अण्णांच्या दुकानात जाऊन बसली. त्या रबरी चाकाचा व्यास, जाडी, दांड्याच्या चारही पायऱ्यांची मापं तिनं घेतली. अण्णांनी चाक कसं काढायचं, तेल कुठं द्यायचं आणि कुठं चुकूनही द्यायचं नाही, हे तिला सांगितलं. ‘रबराला तेल लागलं की संपलं, ताई’ हे वाक्य तर त्यांनी दहादा सांगितलं असेल. हे सगळं तिनं फोनमध्ये टिपून घेतलंच, पण दादाजींच्या वहीत १९९८च्या नोंदीखाली शाईनंही लिहून ठेवलं. त्याखाली आता पेन्सिलीच्या रेघा पुन्हा सुरू झाल्या आहेत. आज सकाळपर्यंत नवी सुई अकरा तास चालली आहे.

तुमच्या कपाटातल्या रेकॉर्डना माझा सलाम सांगा. नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)